पाच टक्क्यांचं बक्षीस, बेचाळीस टक्क्यांचं व्याज

ऑगस्ट २०२३ संपेपर्यंत अ‍ॅक्सिस बँकेचं ‘मॅग्नस’ हे क्रेडिट कार्ड देशभरातल्या पॉइंटवेड्यांच्या गळ्यातला ताईत होतं. वर्षाची फी दहा हजार रुपये, वर जीएसटी. पण महिन्यात एक लाखाची खरेदी झाली की २५,००० पॉइंट जमा व्हायचे. पाच पॉइंटांना चार या दराने ते विमान कंपन्यांच्या मैलांत बदलून घेता यायचे. म्हणजे महिन्याला वीस हजार मैल. दर महिन्याला लाखाचा आकडा गाठण्यासाठी लोक मित्रांच्या फ्रीजपासून मेव्हण्याच्या लॅपटॉपपर्यंत सगळी खरेदी आपल्या कार्डावर ओढून घेत होते. १ सप्टेंबरला बँकेने नियम बदलले. मासिक बक्षीस बंद झालं, पाचाला चारचा दर पाचाला दोनवर आला आणि वर्षाची फी साडेबारा हजार झाली.

यात बेकायदा काहीच नव्हतं. सवलती बदलण्याचा हक्क बँक आपल्या अटींमध्ये राखून ठेवते आणि वेळ आली की वापरते. त्याच वर्षी डिसेंबरपासून एचडीएफसी बँकेच्या ‘रेगालिया’ कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट बसायचं, तर तिमाहीत एक लाख रुपये खर्च केलेले असावेत, अशी अट आली. दोन-तीनशे रुपयांच्या नाश्त्यासाठी एक लाखाची खरेदी! म्हणून ‘सगळ्यात चांगलं कार्ड कोणतं?’ या प्रश्नाला कुणी नाव सांगून उत्तर दिलं, तर ते नाव पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेलच असं नाही. टिकाऊ माहिती एकच, आणि ती घरातच असते. गेल्या वर्षभरात आपले पैसे कुठे गेले, हे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये लिहिलेलं असतं. निवड तिथून सुरू व्हावी. प्रत्यक्षात ती सुरू होते मॉलच्या दाराशी. “ताई, लाइफटाइम फ्री आहे, फक्त पॅन आणि आधार द्या,” असं म्हणत गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा पुढे येतो, आणि ट्रॉली बॅग भेट मिळतेय म्हणून अर्ज भरला जातो.

गळ्यात मारण्याची ही परंपरा जुनीच आहे. १९५८मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना त्यांनी न मागितलेली कार्डं टपालाने पाठवली. त्या कार्डाचंच पुढे ‘व्हिसा’ झालं. न मागता कार्ड पाठवण्यावर अमेरिकेत १९७०मध्ये बंदी आली. भारतात पहिलं बँक क्रेडिट कार्ड आलं ते १९८०मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचं. आज देशात दहा कोटींहून अधिक कार्डं आहेत, आणि न मागता कार्ड देण्यावर आपल्याकडेही बंदी आहे. तसं कार्ड देऊन बिल लावलंच, तर बँकेने ती आकारणी रद्द करायची आणि वर तिच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला द्यायची, असं रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम सांगतो.

कार्ड निवडताना कॅशबॅक, पॉइंट, लाउंज यांच्याही आधी एक प्रश्न येतो. दर महिन्याला बिल पूर्ण भरलं जाणार आहे का? उत्तर ‘बहुतेक’ असं असेल, तर पुढचं काही बघण्यात अर्थ नाही.

कारण आकड्यांत दिसतं. समजा, एखाद्याने ५ जूनला कार्डावर ४०,००० रुपयांचा टीव्ही घेतला. बिल २० जूनला आलं, भरण्याची शेवटची तारीख १० जुलै. बिलावर दोन आकडे असतात : एकूण देणं ४०,००० आणि किमान देणं २,०००. त्याने किमान रक्कम भरली आणि ‘या वेळी तेवढंच’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. बऱ्याच बँकांचा दर याच्याच आसपास असतो. आता व्याज १० जुलैपासून लागेल असं त्याला वाटतं, पण ते ५ जूनपासून लागतं. ४०,००० रुपयांवर पस्तीस दिवसांचं आणि उरलेल्या ३८,००० रुपयांवर पुढच्या दहा दिवसांचं व्याज मिळून साधारण २,०४८ रुपये होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३६९. २० जुलैच्या बिलात देणं दिसतं ४०,४१७ रुपये. दोन हजार भरूनही कर्ज चारशे सतरा रुपयांनी वाढलेलं!

एवढ्यावर भागत नाही. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्या काळात कार्डावर घेतलेल्या किराण्यावर दुकानातून बाहेर पडल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर बिनव्याजी मुदत मुळात नसतेच. साधारण अडीच टक्के शुल्क, किमान ५०० रुपये, आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

या व्याजाला काही कायदेशीर कमाल मर्यादा आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारप्रथा ठरते. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ला तो निकाल रद्द झाला. तेव्हा दराचा लगाम आयोगाच्या हाती राहिलेला नाही. ज्याला अधूनमधून बाकी ठेवावीच लागते, त्याने पाच टक्के कॅशबॅकची कार्डं बाजूला ठेवून कमी व्याजदराचं कार्ड शोधावं. त्याहून बरं म्हणजे बँकेकडे सरळ वैयक्तिक कर्ज मागावं. ते बहुधा याच्या निम्म्याहून कमी दराने मिळतं.

मग बिल वेळेवर भरणाऱ्यांना बँक बक्षीस देते ते कुठून? दुकानदाराने कार्डाने शंभर रुपये घेतले, तर त्याच्या खात्यात अठ्ठ्याण्णवच्या आसपास जमा होतात. उरलेल्या दोन रुपयांतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो. एक-दीड टक्का परत मिळतो तो यातून, आणि बाकी ठेवणाऱ्यांच्या व्याजातून. पाच टक्के मिळतात तेव्हा बहुधा मधे एखादी कंपनी असते आणि गिऱ्हाईक आपल्याचकडे यावं म्हणून तीही खिशात हात घालते. २०१८मध्ये आलेलं अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड हे त्याचं ठळक उदाहरण. वर्षाची फी शून्य, अ‍ॅमेझॉनवर प्राइम सदस्याला पाच टक्के, इतरांना तीन, आणि बाहेरच्या बहुतेक खरेदीवर एक टक्का. ज्या घरात आठवड्याला एक खोका दारात येतो, त्यांच्यासाठी हे सोपं गणित आहे. ज्यांची खरेदी डी-मार्ट, मंडई आणि गल्लीतल्या वाण्याकडे होते, त्यांना याचा उपयोग नुसत्या एका टक्क्याचा.

फी असलेलं कार्ड घ्यावं का, याचा हिशेब कागदाच्या पाठीवर करता येतो. एसबीआय कार्डचं ‘कॅशबॅक’ कार्ड २०२२मध्ये आलं ते ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के परत, वर्षाची फी ९९९ रुपये, अशा अटींवर. जीएसटी धरून फी होते १,१७९. हातात फुकटचं एक टक्क्याचं कार्ड असेल, तर नवं कार्ड चार टक्के जास्त देतं. १,१७९ रुपये त्या चार टक्क्यांतून निघायचे, तर वर्षाला साधारण साडेएकोणतीस हजारांची, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आतबाहेर ऑनलाइन खरेदी हवी. पुण्या-मुंबईतल्या दोन पगारांच्या घरात हा आकडा पहिल्या आठवड्यातच ओलांडला जातो. सांगलीत पेन्शनवर राहणाऱ्या जोडप्याला तो कधीच गाठता येणार नाही, आणि त्यासाठी गाठूही नये. वर्षभरात अमुक खर्च केला तर फी माफ, अशी अट बहुतेक कार्डांवर असते. आपला नेहमीचाच खर्च त्या आकड्याच्या वर जात असेल, तर फी नाहीच असं धरावं. मार्च महिन्यात फी वाचवायला वीस हजारांची खरेदी काढणं हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार.

पेट्रोलचं गणित वेगळं. नेहमीची कार्डं पेट्रोलवर बक्षीस देत नाहीत. फार तर एक टक्क्याचा अधिभार माफ करतात. ज्याला रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडी हाकावी लागते, त्याने तेल कंपनीच्या नावाचं कार्ड बघावं. भारत पेट्रोलियम, इंडियन ऑइल यांची बँकांबरोबर अशी कार्डं आहेत. महिन्याला पाच हजारांचं पेट्रोल आणि चार टक्के परतावा धरला, तर वर्षाला २,४०० रुपये होतात. ४९९ रुपयांची फी आणि तिच्यावरचा कर वजा जाता अठराशेच्या वर उरतात. पण रोजच्या वाटेवर त्या कंपनीचा पंप हवा. दुसऱ्या कंपनीच्या पंपावर हे कार्ड जवळजवळ मुकं असतं.

अटींच्या पानावर सर्वांत आधी वाचावा तो ‘यांवर बक्षीस नाही’ हा भाग. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, विम्याचे हप्ते, सरकारी भरणा, ईएमआयवरची खरेदी यांतल्या बऱ्याच गोष्टी तिथे सापडतात. मध्यमवर्गीय घराचे मोठे खर्च नेमके हेच असतात, हा योगायोग नाही. घरभाड्याचंच बघा. काही वर्षं लोकांनी कार्डावर भाडं भरून भरपूर पॉइंट गोळा केले. ऑक्टोबर २०२२पासून आयसीआयसीआय बँकेने त्यावर एक टक्का शुल्क लावलं आणि मग बाकीच्या बँकाही त्याच वाटेने गेल्या. दुसरी बघायची ती मर्यादा. ‘पाच टक्के’ मोठ्या अक्षरात असतात आणि ‘दरमहा जास्तीत जास्त इतके रुपये’ हे तळाशी. बँकांच्या जाहिरातींत तारकाचिन्ह एवढं बारीक का असतं, याचं उत्तर या दोन ओळींत मिळतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’लाही किंमत असते. तीस हजारांचा फोन सहा महिन्यांच्या पाच-पाच हजारांच्या हप्त्यांनी घेतला, तर बँक आपलं व्याज लावतेच; विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून ते दिसत नाही. व्याजदर १६ टक्के असेल तर ही रक्कम साधारण १,३५२ रुपये होते. पण त्या व्याजावरचा जीएसटी, सुमारे २४३ रुपये, ग्राहकाच्याच माथी येतो. १९९ रुपयांचं प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर धरला, तर ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट ४८० रुपयांच्या घरात जाते. कधीकधी रोख घेणाऱ्याला त्याच फोनवर जास्त सूट मिळते, ती गेली ते वेगळंच.

मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आईबाबांसाठी, किंवा कामानिमित्त दुबई-सिंगापूरच्या वाऱ्या करणाऱ्यांसाठी कार्डावरचा महत्त्वाचा आकडा म्हणजे परकीय चलनावरचं शुल्क. साध्या कार्डावर ते साडेतीन टक्के असतं. जीएसटी धरून ४.१३ टक्के. दोन लाखांच्या खर्चावर हे ८,२६० रुपये झाले. दोन टक्केवाल्या कार्डावर तेच ४,७२० आणि काही कार्डांवर शून्य. शिवाय परदेशातल्या दुकानात यंत्र विचारतं, ‘रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये?’ रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून त्यावर बोट ठेवायचा मोह होतो. तिथला दर बहुधा महाग असतो, तेव्हा तिथलंच चलन निवडावं. आणि निघण्याआधी अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नवीन कार्डावर ते बंदच असतात. न्यूअर्कच्या टॅक्सीत हे कळण्यापेक्षा पुण्यात कळलेलं बरं.

ज्यांना पगाराची स्लिप दाखवता येत नाही, त्यांचं काय? गृहिणी, अठरा पूर्ण झालेले विद्यार्थी, नुकतीच घरगुती पोळीभाजी केंद्र सुरू केलेली बाई, किंवा ज्यांच्या नावावर कधी कर्जच नसल्यामुळे सिबिलचा अहवाल कोरा आहे अशी माणसं. त्यांच्यासाठी मुदत ठेवीवरचं कार्ड हा सरळ रस्ता आहे. वीस हजारांची ठेव ठेवली, तर बँक साधारण पंधरा ते अठरा हजारांची मर्यादा देते. ठेवीवर व्याज चालू राहतं, फक्त ती मोडता येत नाही. वर्षभर बिलं वेळेवर गेली की कोऱ्या अहवालात नोंदी होतात आणि ३०० ते ९००च्या मोजपट्टीवर गुण उभे राहतात. साडेसातशेच्या वरचे गुण बँकांना आवडतात. पुढे गृहकर्ज मागताना या साध्या, बक्षीस न देणाऱ्या कार्डाचा उपयोग कळतो. (गावाकडे ‘क्रेडिट कार्ड’ म्हटलं की आधी केसीसी आठवतं. १९९८पासूनचं किसान क्रेडिट कार्ड म्हणजे खरं तर पीककर्जाचं खातं. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज केंद्राच्या सवलतीने चार टक्क्यांनी पडतं. नाव सारखं असलं, तरी ४२ टक्क्यांच्या कार्डाशी त्याचा काही संबंध नाही.)

मर्यादेबद्दल एक गैरसमज आहे. ‘मर्यादा कमी ठेवली म्हणजे खर्च आटोक्यात’ असं अनेकांना वाटतं. स्वतःच्या हातावर भरवसा नसेल तर ते खरंच आहे. पण पन्नास हजारांच्या मर्यादेतले पंचेचाळीस हजार दर महिन्याला वापरले, तर पूर्ण बिल भरूनही हा माणूस ओढाताणीत आहे असं अहवालात दिसू शकतं. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं, असं साधारणपणे सांगितलं जातं. तेव्हा खर्च तोच ठेवून मर्यादा वाढवून घेणं फायद्याचं. मात्र बँकेने ग्राहकाला विचारल्याशिवाय ती परस्पर वाढवता कामा नये. देशातल्या चार पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकी एक पूर्ण अहवाल वर्षाला फुकट मिळतो. कार्डाचा अर्ज करण्याआधी तो मागवून चुका बघून घ्याव्यात.

छोट्या शहरांतल्या ग्राहकासाठी २०२२च्या सप्टेंबरात एक मोठा बदल झाला. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. ज्या दुकानात कार्डाचं यंत्र नाही, पण काउंटरवर क्यूआर कोडचा स्टिकर आहे, तिथेही उधारीवर खरेदी होऊ लागली. लातूर-चिपळूणमधल्या औषधाच्या दुकानापासून भाजीच्या गाडीपर्यंत आणि म्हापशाच्या बाजारातल्या मसाल्याच्या टपरीपर्यंत ही सोय पोचली. पण छोट्या दुकानदाराकडून दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहारावर बँकेला काही मिळत नाही, म्हणून बऱ्याच कार्डांवर तिथे बक्षीसही तुटपुंजं असतं. शिवाय दहा-वीस रुपयांच्या चहा-वड्याचीही उधारी होऊ लागली की महिन्याचा आकडा डोळ्यांआड वाढतो. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हाताशी असलेल्याने दुसरं कार्ड रुपेचं घ्यावं हे बरं. कोणतं नेटवर्क हवं हे ग्राहकाला निवडू द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा मार्च २०२४चा आदेश सहा महिन्यांनी लागू झाला, तेव्हा अर्ज करतानाच विचारावं.

बिलाची तारीखही आता बदलून मागता येते आणि ही सोय फार थोडे लोक वापरतात. पगार ७ तारखेला होत असेल आणि बिल ५ तारखेला भरायचं असेल, तर दर महिन्याला उगाच धावपळ. बिल २० तारखेला आणि भरणा पुढच्या १० तारखेला, अशी सोय केली की पगार झाल्यावर तीन दिवसांत हिशेब मिटतो. या चक्रात २१ मेच्या खरेदीला ५० दिवस मिळतात, २० जूनच्या खरेदीला फक्त वीस. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी ती यासाठी. चुकून तारीख गेलीच, तर तीन दिवसांच्या आत भरल्यास उशिराचा दंड लावता येत नाही.

पॉइंटांसाठी नातेवाइकांची खरेदी आपल्या कार्डावर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी दहा लाख किंवा त्याहून जास्त रक्कम भरली गेली, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. पुतण्याने पैसे परत दिले होते, हे नंतर समजावून सांगावं लागतं.

कार्डावर कुणी परस्पर डल्ला मारला, तर रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक कामी येतं. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या कार्डावर ती जास्तीत जास्त दहा हजार. ओटीपी स्वतःच फोनवर सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान ग्राहकाचं.

घेतलेलं कार्ड जमलं नाही, तर ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नये. फुकट समजलेल्या कार्डाची दुसऱ्या वर्षीची फी अशाच ड्रॉवरमधल्या कार्डांवर लागते. आधी पॉइंट वापरून टाकावेत, वीजबिल किंवा मोबाइलचे आपोआप जाणारे हप्ते दुसऱ्या कार्डावर वळवावेत, बाकी शून्य करावी आणि मग बंद करण्याची लेखी विनंती करावी. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायला हवं. टाळाटाळ केली, तर कार्ड बंद होईपर्यंत उशिराच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये तिने ग्राहकाला द्यायचे असतात. एकच अट असते, कार्डावर ग्राहकाचं काही देणं उरलेलं नसावं.